कपिलचा द्राक्षमळा

कारखान्यातली नोकरी सोडून कपिल गायकवाडने कडावला द्राक्षं लावली. त्यांची वाइन करून विकायची, असं त्याने ठरवलं होतं. त्याचे वडील कोंडीराम पंचशील पाळणारे. "दारूच्या धंद्यात मी नाय रं," म्हणाले आणि मळ्याकडे फिरकलेच नाहीत.

पावसाळ्यात निम्मे वेल कुजले. कपिलने पाणी साचणार नाही अशा उतारावर पुन्हा लावले. तिसऱ्या वर्षी घड पिकू लागले आणि बुलबुल तुटून पडले. एका सकाळी कपिल मळ्यात पोचला, तर वडील डबा बडवून पाखरं हाकत होते.

"आबा, तुमी?"

"अजून द्राक्षंच हायेत ना? दारू कुठं झालीय?"

तोडणीच्या दिवशी कपिलने आधी ताज्या रसाचा पेला त्यांच्या हातात दिला. कोंडीरामांनी तो सावकाश संपवला.

"गोड हाय. पुढच्या साली जाळी लावू या," ते म्हणाले.