नाना बोटीवर चढले!

बंदरावरच्या तिकीटखिडकीत चार वर्षं काढली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते आपणहून अंगाला चिकटतात, फणसाच्या चिकासारखे! मला सगळ्यांत जास्त चिकटले ते आमच्या नानांचे.

एकोणीसशे तिसाच्या आसपासची गोष्ट. नाना रत्नागिरी बंदरावर आगबोटीची तिकिटं द्यायचे, मी त्यांच्या हाताखाली कारकून. पंचवीस वर्षांत नानांनी अर्धी रत्नागिरी बोटीत बसवली, पण स्वतः एकदाही बसले नाहीत. पाण्याला भ्यायचे! हे साऱ्या बंदराला ठाऊक होतं. नानांना मात्र वाटे, कुणाला पत्ताच नाही.

आणि त्यांच्या बायकोची, यमुनाकाकूंची, हौस एकच. बोटीत बसून समुद्रातून मांडवीतलं आपलं घर बघायचं! दर दिवाळीला विषय निघे. नाना म्हणत, "यंदा वारा बरा नाही."

पंचवीस दिवाळ्या वारा बरा नव्हता!

* * *

तेव्हा बोटीत बसायचं ते नोकरीसाठी, नाहीतर कुणाच्या आजारपणात, नाहीतर मयताला. म्हणून नाना हरेक उतारूला आधी विचारत, "कोण आजारी?"

त्या दिवाळीत नानांचे शेजारी, भूगोलाचे बापूमास्तर, खिडकीशी आले. "विजयदुर्गाची पाच तिकिटं. उद्या जायचं, परवा परत."

"कोण आजारी?"

"कुणी नाही."

"अरेरे! कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही हो! मजा म्हणून चाललोय!"

नानांनी टाक खाली ठेवला. "मजा करायला बोट कशाला लागते?"

मास्तरांच्या मागून काकूंचा आवाज आला. "पाचवं तिकीट तुमचं आहे. नाही आलात तर चौघं जाऊ!"

चौघं म्हणजे मास्तर, त्यांची बायको, काकू आणि मी. नानांचा चेहरा बघवेना. पण तिकीट त्यांनी स्वतःच्या हातानं फाडलं.

* * *

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर मांडवीतल्या सगळ्या बायका हजर! बोट म्हटली की रडायचं, ही इथली रीत. काकूंच्या गळ्यात पडून एकेक हुंदके द्यायला लागली.

"अगो, उद्या येत्ये ना मी परत!" काकू म्हणाल्या.

"हो गो, पण डोळ्यांना कुठं ठाऊक आहे?"

* * *

बोट उभी लांब खोल पाण्यात. तिथवर पडावातून, म्हणजे शिडाच्या होडीतून जायचं. नाना पडावात उतरले, डोलकाठीला मिठी मारली आणि डोळे गच्च मिटून घेतले. बऱ्याच वेळानं हळूच विचारलं, "कुठवर आलो रे?"

पडाव हाकणारा बाबूतांडेल म्हणाला, "नानानूं, पडाव अजून धक्क्याला बांधलेला हाय!"

* * *

बोटीवर बापूमास्तरांनी आम्हाला समजावलं, "बोट लागणं हा निव्वळ मनाचा खेळ आहे." पंधरा मिनिटांत ते कठड्यावर ओणवे! तोंड पुसत म्हणाले, "वीस वर्षं शिकवतोय, पण पृथ्वी फिरते हे आज पटलं!"

* * *

काकूंचं लक्ष मात्र किनाऱ्याकडं. घर ओळखता यावं म्हणून निघताना त्यांनी कौलांवर तांबडं लुगडं पसरून ठेवलं होतं. बोट मांडवीसमोर आली आणि बघतात तर काय, घरोघर तांबडी लुगडी! काकूंना आपापलं घरही दिसावं, म्हणून साऱ्या शेजारणींनी तेच केलेलं!

काकू रडवेल्या झाल्या. "पंचवीस वर्षं थांबल्ये, आणि आता माझं घर कुठलं तेच कळत नाही!"

तो आवाज ऐकून नानांनी डोळे उघडले. कठड्यापर्यंत आले. खाली पाणी होतं, तरी आले!

"ते बघ, माडाच्या उजवीकडं. मधली कौलं खचलेलं. ते आपलं."

काकूंनी पाहिलं. डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, "दोन वर्षं सांगत्ये कौलं खचल्येत! ती बघायला समुद्रात यावं लागलं तुम्हाला?"

मग बोट पुढं जाईपर्यंत दोघं कठड्याला धरून उभी होती.

* * *

परत आल्यावर सकाळी खिडकी उघडली. पहिला उतारू देवरुखचा, नोकरीसाठी मुंबईला निघालेला. मी नेहमीच्या प्रश्नाची वाट बघत होतो. नानांनी तिकीट फाडलं आणि मान बाहेर काढून म्हणाले,

"पडावातून जाताना मागं वळून बघा हो. आपलं घर फार सुंदर दिसतं!"

तो गोंधळला. "पण नाना, माझं घर देवरुखात. डोंगरापलीकडं!"

"मग आमचं बघा! मधली कौलं खचलेलं!"