बंद घराचा फॉर्म

"वंदना, सर गेले..." रामटेके सरांच्या पत्नीचा, काकूंचा फोन आला तेव्हा मी तुमसरच्या कॉलेजात मुलांचे प्रकल्प तपासत होते. चाळीस वह्या, चाळीस मुलाखती, आणि उत्तरं सगळ्यांची एकसारखी. कोणी कोणाच्या दारात गेलेलं नव्हतं. रागवायला तोंड उघडलं होतं, पण तो अधिकार मला नाही. का नाही, ते आता सांगायलाच हवं.

रामटेके सरांनी मला समाजशास्त्र शिकवलं. बारा-तेरा वर्षांपूर्वी गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलेल्या गावांच्या नव्या वसाहतींची त्यांनी पाहणी सुरू केली. तो अहवाल घेऊन तिथले लोक कलेक्टर कचेरीत जाणार होते. घरं चिठ्ठ्या टाकून निवडलेली. निघालेलं घर बंद असलं तर तीनदा जायचं, तरी कोणी नसलं तर 'भेट झाली नाही' असं लिहायचं. शेजारचं उघडं घर घ्यायचं नाही. मी कुरकुर केली की सर म्हणायचे, "ज्याचं दार बंद आहे तो कामासाठी गाव सोडून गेला असन. त्याले सोडलं तं आपल्याले फक्त सुखी लोकच भेटतीन." प्रयोगशाळेत परीक्षानळी फुटली तर आवाज होतो, आपलं खोटं कोणाला ऐकू येत नाही, म्हणून आपण जास्त जपायचं, हेही ते नेहमी सांगत.

पार्वताबाईंचं घर तीनदा बंद मिळालं. एप्रिलचं ऊन रणरणत होतं. शेजारीण म्हणाली, "लेकाकडे गेली असन बुढी, चांगली होती." मी कडुनिंबाखाली बसले आणि फॉर्म भरून टाकला. नव्या घराबद्दल... समाधानी. शेवटी सही ठोकली.

दर दहाव्या घरी सर स्वतः तपासायला जात. त्या घरी गेले तेव्हा मुंडण केलेल्या त्यांच्या मुलानं दार उघडलं. पार्वताबाई बुडालेल्या गावाकडे चालत गेल्या होत्या आणि आठ दिवसांनी पाण्यात सापडल्या होत्या. मी फॉर्म भरला त्या दिवशी त्या जिवंत नव्हत्या.

सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "शेजारणीले पत्ता नव्हता, बाई. जुन्या गावात असं झालं असतं का? हेच तं लिहायचं होतं." माझे सगळे फॉर्म त्यांनी बाजूला काढले. उरलेल्यांवर अहवाल उभा राहीना. लोक काही दिवस विचारत आले, मग यायचे थांबले. सर निवृत्त झाले, माझं नाव कुठेही निघालं नाही, मला नोकरी लागली. दर दिवाळीला मी त्यांच्याकडे जायचे आणि माफी न मागताच चहा पिऊन परत यायचे. भ्याड होते मी, दुसरं काय.

गेल्या रविवारी भंडाऱ्याला गेले. सरांच्या खोलीत लाल फडक्यात बांधलेला गठ्ठा होता. काकूंनी सोडला. सगळ्यात वर तोच फॉर्म. माझ्या 'समाधानी'वर एक सरळ रेघ, बाजूला सरांच्या अक्षरात 'भेट झाली नाही'. खाली माझी सही मात्र तशीच. ती खोडणंही त्यांच्या लेखी खोटंच झालं असतं.

"ती पाहणी काहून सोडली म्हणून मी किती बोलली त्यायले," काकू म्हणाल्या. "माझी चूक झाली, एवढंच म्हणत." मग त्यांनी चष्मा लावला आणि कागद जवळ नेला. "वंदना, हे नाव तं तुझं आहे न?"

मी हो म्हटलं.

काकूंनी फॉर्म होता तसा वर ठेवला, फडक्याची गाठ मारली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला चहा विचारला नाही.