हात मागे!

मावशीचा स्वभावच असा, की समोरच्याला तहान लागायच्या आधी हिचा पेला पुढे. चांगलीच गोष्ट आहे हो, पण ती काम करायची त्या संस्थेत हीच अडचण होती. अपंग मुलामाणसांना शिकवून कामाला लावणारी संस्था ती. तिथल्या बाईंचा नियम एकच: शिकणारा धडपडत असला, तरी मदतनिसानं हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. "हात मागे!" अशी बाईंची हाक दिवसातून दहादा यायची, आणि त्यातल्या नऊ वेळा ती मावशीसाठीच असायची.

तिथं राजे होते. वय सव्वीस, चाल संथ आणि ऐटदार, म्हणून राजे. उजवा हात हुकमी. डावा मात्र सतत थरथरणारा, कुणाच्या बापाचं न ऐकणारा. त्यांना औषधांच्या गोदामात बाटल्यांवर लेबलं चिकटवायचं काम मिळणार होतं. लेबल असं बसवायचे, की सुरकुती शोधून सापडायची नाही. अट एवढीच, की सहा बटणांचा पांढरा कोट आपला आपण घालायचा. बाईंच्या वहीत 'बटणं जमतात' असं लिहूनही झालं होतं.

जमतात कसली, डोंबल! वरची तीन राजे लावायचे. खालची तीन, बाईंची पाठ वळली रे वळली, की मावशी पटकन लावून मोकळी. "किती झगडेल बिचारा," असं स्वतःलाच समजावत महिनेच्या महिने हा उद्योग चालला. गोदामात जायला आठ दिवस उरले, तेव्हा मात्र तिला राहवेना. रडत रडतच तिनं बाईंपुढे सगळं कबूल केलं.

बाई तडकल्या. "अहो मावशी, माया करताय की त्याच्या नोकरीवर पाणी सोडताय? आणि तू रे? तू का गप्प बसलास?"

राजे मान खाली घालून म्हणाले, "मावशीला बरं वाटायचं."

बाईंनी कोट उचलून राजेंच्या हातात दिला. आठ दिवस राजे कोट घालत होते, काढत होते. डाव्या हाताचं मनगट पोटाशी दाबून धरलं की कापड हलत नाही, ही युक्ती त्यांची त्यांनीच काढली. मावशी भिंतीला पाठ लावून उभी राहायची, स्वतःचे हात पाठीशी चेपून.

गोदामात जायच्या दिवशी सकाळपासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. घाईघाईत संस्थेचा निळा कोट अंगात अडकवला आणि ती राजेंबरोबर निघाली. गोदामाचे साहेब खुर्चीत बसून पाय हलवत होते. राजेंनी एक बटण लावलं, दोन लावली, पाच लावली. सहावं लावायला गेले, तर काजच उरलं नाही! मावशीचे हात आपोआप पुढे गेले. तिनं ते मागे ओढले आणि ओठ घट्ट मिटले.

राजेंनी खाली पाहिलं. "एक चुकलं," म्हणाले, आणि सगळी बटणं काढून पहिल्यापासून सुरुवात केली. साहेबांचा पाय हलायचा थांबला.

सहावं बटण लागलं. मग राजेंनी दहा बाटल्यांना लेबलं लावून दाखवली. साहेबांनी एक बाटली उजेडात फिरवून पाहिली. "सोमवारपासून या," ते म्हणाले.

मावशीच्या डोळ्यांना धार लागली. राजेंना जवळ घ्यायला ती धावली, पण राजेंची नजर तिच्या कोटावर खिळलेली. गळ्यापासून खालपर्यंत एकेक काज चुकलेलं, एक बाजू वर, एक बाजू खाली! अशा अवतारात ती सकाळपासून मिरवत होती. साहेबांनासुद्धा हसू आवरेना.

"अगं बाई गं! लावून दे रे बाबा, माझे तर हातच कापताहेत," मावशी म्हणाली.

राजेंनी दोन्ही हात पाठीमागे नेले. डावा थरथरत होता, तो उजव्यानं घट्ट धरला.

"सावकाश, मावशी," ते म्हणाले. "घाई नाही."