तेलकट गुडघा आणि चार तारा

गुडघा बदलून घरी आले तेव्हा माझा सगळ्यांवरच संशय होता. मी आयुष्यभर पालिकेच्या दवाखान्यात केसपेपर काढले. खिडकीपलीकडचा माणूस खरंच आजारी आहे की त्याला कामावर दाखवायला चिठ्ठी हवीय, हे मला त्याच्या खोकण्यावरून कळायचं. नोकरी सुटली, नजर सुटली नाही.

या खेपेला संशयाच्या मुळाशी जिना होता. आमची खोली लालबागला, चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर. मुलाने पनवेलला लिफ्टवाला फ्लॅट घेतलाय. ऑपरेशनच्या आधीपासून त्याचं एकच पालुपद होतं, "आई, जिना नाही जमला तर तुम्ही दोघं आमच्याकडेच या." बोलायला गोड. पण मला इथेच राहायचं होतं. या गॅलरीत मी लग्न होऊन आले, शेजारणीच्या हातचं जेवून बाळंतपणं काढली. पनवेलला माझ्याशी कोण बोलणार, लिफ्ट? इथे राहायचं तर गुडघा वाकायला हवा होता, आणि तो वाकवायला गेलं की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे.

अशात सुनेने फिजिओथेरपीवाली मुलगी पाठवली. ती आठवड्यातून दोनदा सकाळी यायची. टाके निघाल्यावर तिने एक यंत्र आणलं, मोबाइलएवढं. त्याला चार तारा, प्रत्येक तारेच्या टोकाला एक चिकट गादी. जखम सोडून गुडघ्याच्या आजूबाजूला त्या गाद्या लावायच्या, बटण हळूहळू वाढवायचं, मुंग्या आल्या की थांबायचं आणि मग व्यायाम करायचा.

"काकू, याने पेन ब्लॉक होतं," ती म्हणाली.

"ब्लॉक होऊन जातं कुठे?" मी विचारलं. ती नुसती हसली. उत्तर न देता हसणाऱ्या माणसाचा मला भारी राग येतो.

तिने लावलं तेव्हा मुंग्या आल्या, हे मान्य. दुखणंही जरा मागे हटलं. पण यंत्र माझ्याकडे ठेवून ती गेली आणि दुपारी मी स्वतः लावलं, तर काहीच नाही. मध्येच एखादी सुई टोचायची, की पुन्हा सामसूम. गाद्या तर धड टिकेनातच. दुकानदाराच्या हातात चालणाऱ्या आणि घरी आणल्यावर मुक्या होणाऱ्या वस्तू मी फुटपाथवर पुष्कळ घेतल्यात. कुठेतरी पाणी मुरतंय, हे मी ओळखलं.

आमचे हे गिरणीत वायरमन होते. गिरणी गेली तरी यांच्या खिशातला टेस्टर गेला नाही. त्यांनी तो गादीला टेकवला. दिवा लागला नाही.

"ह्यात करंटच नाय गो," ते म्हणाले.

झालं! सुनेने मुद्दाम मेलेलं यंत्र पाठवलंय. गुडघा आखडलेलाच राहावा, जिना जमू नये आणि म्हातारीने मुकाट पनवेलला यावं. मी फोन करून त्या मुलीला दुपारीच बोलावून घेतलं आणि ती दारात चपला काढत होती तेव्हाच विचारलं, "तुला माझ्या सुनेने नक्की काय सांगितलंय?"

ती बिचारी गोंधळली. खाली बसून तिने माझ्या पोटरीवरून हात फिरवला आणि बोटं एकमेकांवर घासून पाहिली.

"काकू, तेल लावता?"

लावते म्हणजे काय! आमच्या कोकणातल्या घरात कुठल्याही दुखण्याला आधी तेल, मग डॉक्टर. रोज जेवणं झाली की जखमेला सांभाळून मी मांडीपासून घोट्यापर्यंत चांगलं चोळून घ्यायची, आणि मग यंत्र लावायची. तिने साबणाच्या पाण्याने पाय पुसला, कोरडा केला, गाद्या चिकटवल्या. मुंग्या आल्या. "तेलावर गादी बसत नाही, काकू. करंट जाणार कसा?"

मला हसायला हवं होतं. पण इतका पक्का जमलेला संशय हातचा गेला, याचंच आधी वाईट वाटलं.

तेल मी बंद केलं. यंत्र लावून व्यायाम व्हायला लागला आणि गुडघा कुरकुरत का होईना, वाकला. एका सकाळी त्या मुलीचा हात आणि कठडा धरून मी तिन्ही मजले उतरले आणि चढून परत आले. धाप लागलेली असतानाच मुलाला फोन केला. "जिना जमला. आता पनवेलचं नाव काढायचं नाही."

तो "अरे वा" म्हणाला. पण त्याआधी नको इतका थांबला. मी ते ऐकलं.

शिवाय तेलाची बाटली. मी तेल सोडलं तरी ती रिकामी होतच होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी डोळा लागला होता, तो उघडला. हे खिडकीपाशी स्टुलावर बसले होते, लेंगा गुडघ्याच्या वर गुंडाळलेला. ज्या यंत्रात करंट नाही म्हणाले होते, त्याच्या गाद्या स्वतःच्या गुडघ्याला लावू बघत होते. गुडघा तेलाने चकाकत होता आणि गाद्या सुटून पडत होत्या.

"काय चाललंय?"

ते दचकले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "माका जिनो जमणा नाय गो. तुझ्या आधीपासून. लिफ्टचा मीच पोराक सांगलंय. तुका सांगूक धीर झालो नाय."

मी सुनेवर नजर ठेवली, त्या पोरीवर ठेवली. यांच्याकडे बघायचं राहूनच गेलं. रोज गॅलरीच्या टोकापासून माझ्यासाठी पाण्याच्या बादल्या आणत होते हे, भिंत धरून.

मोरीतून साबण आणि ओला फडका आणला. मला खाली बसता येत नव्हतं, म्हणून खुर्चीवर बसून त्यांचा पाय माझ्या मांडीवर घेतला. तेल पुसलं, गाद्या चिकटवल्या, बटण वाढवत गेले.

"आल्या मुंग्या?"

"इल्यो."

मग मी मुलाला फोन लावला आणि विचारलं, लाइट गेली तर तुमची ती लिफ्ट चालते का?