केवलराम कुंभाराची अमेरिकन भांडी

नागरा गावचा केवलराम कुंभार दर उन्हाळ्यात गोंदियातल्या एका अमेरिकन डॉक्टरीणबाईंच्या बंगल्यावर माठ पोचवायचा. एकोणपन्नास साली तिथल्या मेजावर त्यानं पाण्याचा एक हिरवा चिनीमातीचा जग पाहिला. गोल पोट, बोटांत नीट बसणारा कान, पुढं आलेली चोच आणि अंगावर अशी झिलई, की समोरची खिडकी त्यात दिसावी. केवलरामनं सवयीनं बूड बघायला तो उलटा केला, तर पाणी मेजभर सांडलं. बाई रागावल्या नाहीत. आमच्या गावाकडं घरोघरी असले असतात, एवढंच म्हणाल्या.

तीन वर्षांनी त्या मायदेशी परतल्या, तेव्हा जाताना तो जग आणि दोन वाडगे त्यांनी केवलरामला दिले. तिथून त्याला नाद लागला. साहेबलोकांच्या रिकाम्या होणाऱ्या बंगल्यांतलं सामान गोंदियाचा भंगारवाला मुन्नालाल उचलायचा. त्याच्याकडं अमेरिकन चिनीमातीचं काही आलं, की केवलराम माठ देऊन ते घ्यायचा. पिवळी बशी, कान तुटलेला कप, टवका उडालेली किटली, काहीही चालायचं.

"आपल्या घरी मडक्यायची कमी हाये का?" त्याची बायको नंदाबाई म्हणायची. "लोकायची कायले आणून राहिले?"

तशी झिलई आपल्या मातीवर आणायची, हे त्याच्या मनानं घेतलं होतं. छप्पन साली महाशिवरात्रीच्या जत्रेआधी त्यानं फुटक्या काचबांगड्या कुटल्या, त्यांचा लेप भांड्यांवर चढवला आणि बायकोला न सांगता भांडी भाजायचा आवा पेटवला. उघडून बघतो तर काच वितळून भांडी एकमेकांना चिकटलेली. ओढून काढताना बहुतेक फुटली. त्या भांड्यांची माती नंदाबाईनं तुडवली होती. ती रडली नाही, ओरडली नाही, फक्त त्याच्याशी बोलायची थांबली.

जत्रेत मांडायला काही उरलं नव्हतं. केवलरामनं आपण होऊन फळीवरची सगळी अमेरिकन भांडी खाली काढली आणि देवळाबाहेर विकायला मांडली. बायांची गर्दी झाली. जी ती जग उचलून बघे, कानात बोटं घालून ओतल्यासारखं करून बघे आणि खाली ठेवी. चिनीमाती घरात चालत नाही, सासू चुलीजवळ येऊ देणार नाही, असंच सगळ्या सांगत होत्या. असाच मातीचा आहे का, असं मात्र पुष्कळजणींनी विचारलं.

संध्याकाळी सामान आवरताना नंदाबाई पहिल्यांदा बोलली. "चमक जाऊ द्या. कान अन् चोच करा. बाया तेच मांगून राहिल्या."

केवलरामला ते लागलं. इतकी वर्षं तो झिलईच्याच मागं होता. दोन दिवस चाकाला हात न लावता बसून राहिला, मग उठून कान-चोचीचे जग घडवू लागला. सुरुवातीला भाजताना कान गळून पडायचे. तेव्हा त्यानं तो तुटका कप पुढ्यात घेतला, तुटलेल्या जागी कान कुठं किती जाड धरलाय ते बघितलं आणि तसा बसवला. उन्हाळ्यापर्यंत त्याचे लाल मातीचे जग आमगावच्या बाजारात जाऊ लागले.

झिलई त्याला अखेरपर्यंत जमली नाही. मुन्नालालकडं जाणं मात्र चालू राहिलं, आता नंदाबाईही सोबत असायची. साठ साली तिनं स्वतः एक झाकणाची लांबट निळी बशी निवडली. ती कशासाठी असते, हे दोघांनाही कळेना. मुन्नालाललाही सांगता आलं नाही. नंदाबाईनं घरी आणून तिच्यात हळद भरली.