दातांच्या डॉक्टरची वेळ

गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी सहावीत होते. लालबागच्या आमच्या खोलीत बाबा दिवसाढवळ्या घरी दिसायला लागले, एवढाच त्याचा अर्थ मला आधी कळला. ते साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे. त्यांची गिरणी पुन्हा धड चालू झालीच नाही. बाबा शिवडीच्या एका गोदामात माल उतरवायला जाऊ लागले.

पुढे मला परळच्या एका खाजगी हॉस्पिटलात टेलिफोनवर नोकरी लागली. तिथे पहिला कॉम्प्युटर आला त्या संध्याकाळी मी बाबांना म्हटलं, आता आमचीही गत तुमच्या गिरणीसारखी होणार. ते म्हणाले, "साच्यान माका कधी घराक धाडूक नाय. गेट बंद केल्यानी ता माणसांनी."

हे मला खरं पटलं ते अलीकडे, फोनवर बोलणारी एआय आली तेव्हा. आम्ही फोनच्या टेबलावर तिघी होतो. दोघींना पुढच्या महिन्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. सांगितलं ते साहेबांनी, केबिनमध्ये बोलावून. मला ठेवलं ते त्या यंत्राचे कॉल ऐकून चुका काढायला.

यंत्र वाईट नव्हतं. मराठी स्वच्छ बोलायचं, कधी वैतागायचं नाही. "थांबा हं" म्हणून आमच्यासारखं विसरून जायचं नाही. पहिले काही दिवस मला चुका शोधाव्या लागायच्या.

एका सकाळी नऊच्या सुमाराला मी नुकत्याच संपलेल्या एका कॉलचं रेकॉर्डिंग ऐकायला लावलं. शिवडीच्या कोळीवाड्यातल्या बाई होत्या, नवऱ्यासाठी फोन केलेला. म्हणत होत्या, "आमच्या मालकांच्या तोंडात चाय ठरत नाय. उठल्याधरनं एका बाजूनं गलते." यंत्राने विचारलं, दात दुखतो का? त्या म्हणाल्या, "ते कायच बोलत नाय." यंत्राने नम्रपणे गुरुवारची, दातांच्या डॉक्टरची वेळ दिली. बाईंनी बरं म्हणून फोन ठेवला.

मी हेडफोन काढला आणि त्याच नंबरवर फोन लावला.

"मावशी, ते बोलत नाहीत की त्यांना बोलता येत नाही?"

"येत नाय वाटतं. नुसतं बघतान माझ्याकडं."

"त्यांना दोन्ही हात वर करायला सांगा."

पलीकडे त्यांचा आवाज ऐकू आला, मग भांडं पडल्याचा. "उजवा येत नाय वर."

"गुरुवार विसरा. टॅक्सी करा आणि आत्ता या. त्यांना पाणीसुद्धा देऊ नका. मी दारात उभी राहते."

मी उभी राहिले. अर्ध्या तासात टॅक्सी आली, स्ट्रेचर मी आधीच सांगून ठेवलं होतं. अर्धांगाचा झटका होता. वेळेत आले, असं डॉक्टर म्हणाले. ते दोघं गुरुवारची वाट बघत घरी बसले असते, हेच दिवसभर डोक्यात फिरत राहिलं.

यंत्र सांभाळणारा तरुण इंजिनिअर दुसऱ्या दिवशी सांगायला आला, "मॅडम, 'तोंडात चाय ठरत नाय' हे वाक्य आता त्याला शिकवलंय." शिकलं खरंच. पण माणसं दुखणं एकाच वाक्यात सांगत नाहीत. कोण घाबरून कमी बोलतं, कोणाला नवऱ्याबद्दल बोलायची लाज वाटते. ते ऐकून परत फोन करावासा वाटणं, हे काम माणसाचंच आहे आणि माणसाचंच राहील, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. साहेबांपुढे हेच बोलले. काढलेल्या दोघींपैकी एकीला त्यांनी परत बोलावलं. दुसरी तोवर दादरला एका दवाखान्यात लागली होती. वेळा आणि रिपोर्टांचे फोन आता यंत्र घेतं, बाकीचे आम्ही दोघी.

तीन महिन्यांनी त्या बाई मालकांना घेऊन तपासणीला आल्या. ते काठी टेकत, पण आपल्या पायांनी चालत होते. बाई खिडकीशी येऊन म्हणाल्या, "फोनवर बोलली ती पोरगी कुठं हाय?"

मीच, म्हटलं. त्यांनी माझे पिकलेले केस बघितले आणि पदर तोंडाला लावून हसल्या. मागून त्यांचे मालकही हसले, जरा वाकडं, पण हसले.