थोरला सरडा, धाकटी सॅलमँडर

माझे दाजी प्राणिसंग्रहालयात नोकरीला. लग्न ठरलं तेव्हा ताई म्हणाली होती, "माणसांत नोकरी मिळत नव्हती का?"

दाजींकडे दोन जीव होते. दहा फुटी सरडा, तो थोरला. वीतभर सॅलमँडर, बेडकाच्या जातकुळीतली, पाण्यात राहणारी, ती धाकटी. दोघांचीही जात जगातून संपत चाललेली. थोरल्याला तापलेला दगड हवा, धाकटीला गार पाणी. थोरला चिडला की शेपूट आपटायचा, अख्ख्या इमारतीला कळायचं. धाकटी ब्र काढत नसे. गर्दी अर्थात थोरल्यापुढे. धाकटीच्या काचेपुढे लोक बुटाची नाडी बांधायला थांबत, याचा मला भारी राग यायचा.

"थोरल्याची कातडी म्हणजे चिलखत," दाजी सांगत. "धाकटी कातडीनंच श्वास घेते. लागेल ते आत जातं."

म्हणून क्रम ठरलेला. आधी धाकटी, मग थोरला, आणि साबण सगळं उरकल्यावर. घरी मात्र ताई दारातच साबण पुढे करायची. "त्या हातांनी ताटाला शिवायचं नाही!"

हिवाळ्यात धाकटीसाठी नर येणार होता. "नवरदेव येतोय," दाजी सांगत सुटले होते. निवृत्तीआधी पिल्लं बघायची, एवढी एकच इच्छा उरली होती त्यांची.

आणि एका सकाळी थोरल्याचा पंजा जाळीत अडकून फाटला. दाजी आधी त्याच्याकडे धावले. जखमेला औषध लावलं, कोपरापर्यंत साबण चोळला, घाईत जेमतेम पाणी ओतलं. येताना बघतात तर धाकटी टाकीतल्या दगडाखाली अडकून तडफडतेय. मागचापुढचा विचार न करता त्यांनी हात घातला आणि तिला सोडवलं. ती पोहत निघाली. दाजींना हायसं वाटलं. मग मनगटावरचा फेस दिसला.

त्यांनी पाणी बदललं, पुन्हा बदललं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती पोट वर करून तरंगत होती.

साहेब म्हणाले, "जाऊ द्या हो, थोरला आहे ना!" थोरल्याचा पंजा तर लवकरच भरून आला. दाजींना कुणीच बोललं नाही. कुणी चार शिव्या हासडल्या असत्या तर माणूस रडला तरी असता.

ताई आता हात धुवा म्हणत नाही.

हिवाळ्यात नर आला, ठरल्याप्रमाणे. धाकटीच्याच टाकीत सोडलाय. परवा मी गेलो तेव्हा दाजी काचेबाहेर उभे होते, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून.

"याचं पाणी कोण बदलतं?" मी विचारलं.

"दुसरं कुणीतरी," ते म्हणाले. "मी नुसता बघतो."